काकूंचा डावा पंख

काकूंना विमानांत काडीचाही रस नव्हता. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि विमानांवर जीव टाकणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडावर सांगायच्या. त्यांचा जन्म गेला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात. दुकान नवऱ्याचं होतं. तो अकाली गेला आणि मशीनवर काकू बसल्या, त्या थेट गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. मग मुलाने ठरवलं, की आईने आता आराम करायचा. दुकान बंद झालं, एक मशीन घरी बाल्कनीत आलं, बाकीची विकली गेली. काकूंना आराम मिळाला, आणि आरामाने त्यांच्या नाकी नऊ आणले.

आमच्या शेडमध्ये त्या आल्या त्या याच दिवसांत. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर लष्कराच्या जुन्या विमानांचं संग्रहालय आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही काही निवृत्त माणसं शनिवार-रविवारी जमायचो आणि मोडकी विमानं प्रदर्शनात ठेवण्याजोगी करायचो. पगार नाही, मान नाही, चहा आपापल्या थर्मासमधला. आमचे पुढारी कॅप्टन. खरे कॅप्टन नव्हेत. बस डेपोत फोरमन होते. पण डोक्यावर कायम टोपी आणि तोंडात कायम हुकूम, म्हणून कॅप्टन. मी दातांचा डॉक्टर. दवाखाना मुलीला देऊन मोकळा झालो होतो, आणि विमानाच्या घड्याळांमधला गंज माझ्याच जुन्या हत्यारांनी कोरत बसायचो.

त्या वेळी आमच्या हातात एक दोन माणसांचं, दुहेरी पंखांचं विमान होतं. लष्करातली पोरं पहिल्यांदा उडायला शिकायची ती यावर. लाकडी सांगाडा आणि वरून कापड. कॅप्टननी त्याच्या सीटचं कव्हर काकूंकडून शिवून घेतलं होतं, आणि ते बसवायला काकू स्वतः आल्या. कव्हर हातमोज्यासारखं बसलं. निघता निघता त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे शेपटीची हलती फळी पडली होती. तिच्यावर कापड चढवण्याचा पराक्रम आम्ही नुकताच केला होता.

काकूंनी चष्मा लावला आणि फळी उलटसुलट करून बघितली.

“हे शिवलंय, की जखमेला टाके घातलेत?”

मी मान खाली घातली. टाके मीच घातले होते.

पुढच्या शनिवारी काकू आपल्या सुया घेऊन हजर. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी आमचे टाके उसवले आणि फळीवर नवं कापड असं ताणून शिवलं, की बघत राहावं. मग कॅप्टननी त्यावर रोगण लावलं. हे रोगण उग्र वासाचं. सुकता सुकता कापडाला आवळत नेतं आणि ढोलकीसारखं टणक करतं. कापड आधीच ताणलेलं, त्यात रोगणाने आणखी आवळलं. दुपारपर्यंत ती नाजूक फळी वाळलेल्या पानासारखी पिळवटून गेली.

“सीटला ताण शिवतानाच द्यावा लागतो,” काकू म्हणाल्या. “इथे रोगण ताण देतं, हे मला कोणी सांगायचं?”

“मी सांगितलं होतं,” कॅप्टन म्हणाले.

“तुम्ही दिवसभर सांगत असता. त्यातलं ऐकायचं कुठलं, ते कसं कळणार?”

फळी नवी करावी लागली. काकूंनी ती पुन्हा शिवली, या वेळी अंगात सैल. ती बरोबर झाली, पण बरोबर झाल्याचा आनंद काकूंच्या चेहऱ्यावर दिसला नाही. पहिली बिघडली, हेच त्यांना खुपत राहिलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की ही बाई आता सुटणार नाही.

मग पंख आले. वरच्या जोडीचं कापड शाबूत होतं, करायचे होते ते खालचे दोन. सुरुवात खालच्या उजव्या पंखापासून झाली, आणि तो काकूंनी शिकत शिकत केला. कुठे टाका लांब पडला, कुठे टोकाशी कापडाला सुरकुती राहिली. “हा माझा शाळेतला पंख,” त्या म्हणायच्या. नंतर खालचा डावा घेतला, आणि तिथे मात्र त्यांनी स्वतःला झोकून दिलं.

पंखाचं काम असं असतं. उशीच्या अभ्र्यासारखा लांबलचक अभ्रा शिवायचा आणि पंखाच्या सांगाड्यावर चढवायचा. मग पंख धारेवर उभा करायचा, एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. एकाने लांब सुई आरपार घालायची, दुसऱ्याने ती ओढून लाकडी फासळीच्या पलीकडून परत पाठवायची. मग गाठ. मग पुढचा टाका. प्रत्येक फासळीला वरपासून खालपर्यंत. सुई परत पाठवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात अजून थरथरत नव्हता आणि मी वाद घालत नव्हतो.

त्या कापडाच्या भिंतीआडून काकू बोलायच्या. चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज आणि मधूनच बाहेर येणारं सुईचं टोक. एकदा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही बसवलेले दात लोकांच्या तोंडात अजून असतील ना?”

“असतील काही. काही माणसंच गेली.”

“माझं काहीच नाही बघा. जन्मभर शिवलं, त्यावर लोक बसले. बसून बसून फाटलं, मग फेकलं. गाड्याही भंगारात गेल्या. हे पहिलंच असं शिवतेय, ज्यावर कोणी बसणार नाही.”

 आणि सुईचं टोक पुन्हा बाहेर आलं.

डावा पंख पूर्ण झाला, टाक्यांवर कापडी पट्ट्या चिकटल्या, रोगणाचे थर चढले. शेडचे दरवाजे उघडे टाकूनही वासाने आमची डोकी भणभणायची. शेवटी कॅप्टननी बोटाने टिचकी मारली. आवाज असा स्वच्छ घुमला, की आम्ही सगळे आपापली कामं टाकून टिचक्या मारायला गेलो. काकूंनी आमचे हात झटकले. “पुरे. डाग पडतील.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पंख विमानाला जोडायला घेतला. पंखाच्या बुडाशी लोखंडी पट्टी असते, तिच्या भोकातून बोल्ट जातो. बोल्ट जाईना. हातोडीचे हलके ठोके दिले, पंख वर-खाली केला, कॅप्टननी पंख धरणाऱ्यांवर तोंडसुख घेतलं. बोल्ट काही जाईना. मग त्यांनी विजेरी आत घातली आणि गप्प झाले. कॅप्टन गप्प झाले म्हणजे काहीतरी मोठं घडलंय, हे आम्हाला ठाऊक होतं.

पट्टी उलटी बसली होती. ती पंखाच्या आत, काकूंनी कापड चढवण्याआधी कॅप्टननीच बसवलेली. तिथे पोचायचं तर बुडाकडचं कापड कापावं लागणार होतं, आणि एकदा एवढं कापलं की कापडाचा सगळा ताण जातो. म्हणजे पंख पुन्हा पहिल्यापासून.

काकूंनी विचारलं, “पट्टी कोणी बसवली होती?”

“होतं असं कधीकधी,” कॅप्टन म्हणाले.

“मी काय विचारलं?”

“अहो, काम म्हटलं की होतंच. डेपोत तर इंजिनं उलटी बसवलेली बघितलीत मी.”

काकूंनी सुया गोळा केल्या, डब्यात घातल्या, डबा पिशवीत टाकला आणि बाहेर पडल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. कॅप्टननी कापड कापून पट्टी सरळ केली आणि उघडा पंख तसाच ठोकळ्यांवर ठेवला. त्याच्याकडे ते पाठ करूनच काम करायचे.

शेवटी मीच काकूंच्या घरी गेलो. दार सूनबाईंनी उघडलं. “बरं झालं आलात,” त्या हळूच म्हणाल्या. “आईंनी घरातले सगळे पडदे उसवून नव्याने शिवलेत. आता सोफ्याकडे बघताहेत.”

काकू बाल्कनीत मशीनपाशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “कॅप्टननी पाठवलं?”

“नाही. मीच आलो. पंख रिकामा पडलाय.”

“पडू दे. दुकानात फाटलं म्हणून शिवायचे. तुमच्याकडे शिवलं म्हणून फाडतात.”

सूनबाईंनी चहा आणला आणि सहज विचारलं, “काका, ते विमान शेवटी उडणार आहे का?”

“नाही. नुसतं उभं राहणार.”

“मग पट्टी उलटी असली तरी काय बिघडलं असतं?”

काकूच सुनेवर उखडल्या. “उलटी ती उलटी. आत असली म्हणून काय झालं?” म्हणजे कापड कापायला हवं होतं, हे त्यांना पटलेलं होतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

मी ते कॅप्टनच्या कानावर घातलं. दोन दिवस ते धुमसत राहिले, मग त्यांनी काकूंना फोन केला. मी शेजारीच उभा होतो. “काकू,” ते म्हणाले, “पट्टी मी उलटी बसवली होती. चूक माझी.” पलीकडून काकू काय म्हणाल्या, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. “हे त्याच वेळी म्हणाला असतात, तर मी त्याच वेळी परत शिवायला बसले असते. तुमच्या एका वाक्यापायी माझे पडदे खराब झाले.”

डावा पंख दुसऱ्यांदा शिवला तो पहिल्याहूनही सरस. एकेक टाका पट्टीने आखल्यासारखा. काकूंचे गुडघे एव्हाना फार दुखायला लागले होते. त्या स्टुलावर बसून, उठून, पुन्हा बसून काम करायच्या, आणि प्रत्येक वेळी उठताना कॅप्टनकडे एक कटाक्ष टाकायच्या. कॅप्टन मुकाट्याने स्टूल पुढे सरकवायचे. पंख जोडायच्या दिवशी बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा गेला.  काकू विमानाला फेरी मारून आल्या आणि डाव्या पंखापाशी उभ्या राहून त्यांनी जेवणाचा डबा उघडून खाल्लं.

विमान संग्रहालयाच्या नव्या दालनात गेलं. उजवी बाजू भिंतीकडे, डावी बाजू लोकांच्या वाटेकडे. म्हणजे काकूंचा शाळेतला पंख आडोशाला आणि चांगला पंख सगळ्यांच्या नजरेसमोर. त्या एवढ्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. सुनेला, मुलाला, दुकानाच्या जुन्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना उद्घाटनाचं आवतण गेलं.

आणि मग संग्रहालयाच्या नव्या संचालक आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडम वाईट नव्हत्या. हसतमुख होत्या, आमची आस्थेने चौकशी करायच्या, आमच्यासाठी शेडमध्ये पंखेही त्यांनीच बसवून घेतले. त्या दालनात आल्या, विमानाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, “फार सुंदर. फक्त एक बदल करू. लोकांना आतली रचना दिसायला हवी. या बाजूच्या पंखाचं कापड काढू या.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, “हा नाही. कापड काढायचं तर उजव्या पंखाचं काढा. तो तसाही जरा कच्चा झालाय.”

“तो भिंतीकडे आहे ना, काकू. तिथे कोण बघणार?”

“मग विमान फिरवा.”

“फिरवता येणार नाही. चौथरा पक्का केलाय, वरचे दिवेही त्या हिशेबाने लावलेत.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, शेडमध्ये मोडका असा एक जुना पंख पडलाय, तोच उघडा सांगाडा म्हणून शेजारी ठेवू. मॅडमनी विचार केल्यासारखं केलं. शेजारी जागा नव्हती. कॅप्टन म्हणाले, निदान अर्धाच उघडू. मॅडम म्हणाल्या, अर्ध्याने अर्धवट वाटेल. आमचं प्रत्येक म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि प्रत्येक म्हणण्याला त्यांच्याकडे गोड उत्तर होतं. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा हे जास्त थकवणारं. भिंत निदान हसत तरी नाही.

“काकू, राग मानू नका,” मॅडम म्हणाल्या. “उलट तुम्हा लोकांचं काम दिसावं, म्हणूनच हे करतोय.”

“माझं काम दिसावं म्हणून माझं काम काढायचं?”

 “मुलांना किती शिकायला मिळेल, बघा,” मॅडम म्हणाल्या. हे खरंच होतं. तिथेच तर पंचाईत होती. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, असं आमच्यापैकी कोणालाही छातीठोकपणे म्हणता येईना.

शेडमध्ये परतल्यावर कॅप्टन भडकले. आपण सगळ्यांनी काम सोडू, म्हणाले. काकूंनी त्यांनाच झापलं. “सोडून काय होणार? दुसरं कोणीतरी येऊन कात्रीने भोसकेल. कापायचं असेल तर मीच कापणार.”

त्यांनी खरंच स्वतः कापलं. सकाळी दालन बंद ठेवून. मी शिडी धरली होती. कॅप्टन येतो म्हणाले आणि आले नाहीत. काकूंनी प्रत्येक फासळीच्या कडेने धारदार पातं फिरवून टाके एकेक करून सोडवले. कुठे ओरबाडलं नाही, कुठे लाकडाला ओरखडा नाही. कापड मोठ्या तुकड्यांत खाली यायचं आणि कागदासारखं वाजायचं. निम्मं काम झाल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

“डॉक्टर, चांगला दात कधी काढलाय तुम्ही?”

“काढलाय. बाकीचे ओळीत यावेत म्हणून काढावा लागतो कधीकधी.”

“मग काय वाटतं?”

“चीड येते,” मी म्हणालो.

“हं,” त्या म्हणाल्या आणि पुढचा टाका सोडवायला घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. जबडा मात्र असा घट्ट होता, की तो सैल करायला माझ्या जुन्या खुर्चीत बसवावं असं मला वाटून गेलं.

कापडाची त्यांनी वळकटी केली. दुसऱ्याच दिवशी मॅडमचा माणूस शेडमध्ये आला. त्या कापडाचे छोटे तुकडे करून किल्ल्यांना अडकवायच्या आठवणवस्तू म्हणून संग्रहालयाच्या दुकानात ठेवायचा बेत होता. काकूंनी त्याला रोगणाचा रिकामा डबा दाखवला. त्यावर ज्वाळेचं चित्र होतं. “हे कापड भुरकन पेटतं. लहान मुलांच्या हातात द्यायचंय का?” तो माणूस आल्या पावली परत गेला. वळकटी काकूंच्या कपाटावर गेली. तिला घडी घालता येत नाही, तिचं काही शिवताही येत नाही. कपाटाचं दार उघडलं की ती घसरून डोक्यावर येते, अशी मुलाची तक्रार असते.

उद्घाटनाला काकू आल्या. सुनेने इस्त्री केलेली साडी, हातात पर्स. दालनात गर्दी होती. मुलं खरोखरच पंखाच्या फासळ्यांकडे आ वासून बघत होती, एक तर फासळ्या मोजत होता. मग माहिती सांगणारा तरुण मार्गदर्शक लोकांचा घोळका घेऊन आला. त्याने उघड्या पंखाकडे हात केला.

“या पंखावरचं मूळ कापड काळाच्या ओघात नष्ट झालं आहे.”

“नष्ट नाही झालं,” काकू म्हणाल्या. “मी कापलं.”

घोळका वळून बघू लागला. मार्गदर्शकाला वाटलं, आजी विनोद करताहेत; तो हसला आणि पुढच्या विमानाकडे निघाला. काकू त्याच्या मागे गेल्या. सगळी फेरी संपेपर्यंत थांबल्या आणि मग त्याला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. मुलगा सालस होता. त्याने माफी मागितली आणि वाक्य बदललं. चार-सहा आठवडे तो बरोबर सांगत होता. मग त्याला दुसरीकडे नोकरी लागली. त्याच्या जागी आलेल्या मुलीला कोणीतरी पुन्हा काळाच्या ओघाचंच वाक्य पढवलं.

आता आमच्या शेडमध्ये नवं विमान आलंय. तेही लष्कराचं, पण संपूर्ण पत्र्याचं. पहिल्या दिवशी कॅप्टन अवघडून म्हणाले, “काकू, यात शिवायचं काही नाही.” काकूंनी आत डोकावून बघितलं. सीटसुद्धा पत्र्याची. त्या म्हणाल्या, “मग मला दुसरं काहीतरी द्या. घरी बसून मी काय करू?” तेव्हापासून त्या माझ्या शेजारी बसून जुना रंग खरवडतात. हे काम त्यांना अजिबात आवडत नाही, आणि ते त्या दर शनिवारी बोलून दाखवतात. कॅप्टन ऐकून घेतात.

मधल्या सुट्टीत त्या दालनात एक चक्कर मारतात. गेल्या महिन्यात अशाच जाऊन आल्या आणि मला हाताला धरून घेऊन गेल्या. भिंतीकडच्या अरुंद फटीतून आम्ही कसेबसे आत शिरलो. उजव्या पंखाच्या टोकाशी, जिथे ती जुनी सुरकुती होती, तिथे टाक्यांवरची कापडी पट्टी सुटायला लागली होती आणि खालचे टाके सैल पडले होते.

काकू तडक मॅडमकडे गेल्या. हा पंख उघडून मी पुन्हा नीट शिवते, म्हणाल्या. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. “काकू, ती बाजू कोणाला दिसतच नाही. कशाला त्रास घेता?”

“दिसत नाही म्हणून काय सुटू द्यायचं?”

“तसं नाही. पण दालन बंद ठेवावं लागेल, विमान हलवावं लागेल. बघू या.”

कॅप्टननीही जाऊन सांगून बघितलं, आवाज न चढवता. मीही गेलो. परवानगी अजून मिळालेली नाही. पुढच्या महिन्यात बघू, असं मॅडम म्हणतात. मागच्या महिन्यातही त्या हेच म्हणाल्या होत्या, असं काकू सांगतात, आणि रंग खरवडायची पट्टी अशी जोरात ओढतात, की मला माझा चहाचा कप बाजूला घ्यावा लागतो.